कर्करोगाच्या वेदना आणि मोबाइल : संदेश पोहोचतो, औषधाचे काय?

तंजावर–कुंभकोणम मार्गावरील पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण. वैद्यकीय महाविद्यालय तंजावरला, म्हणजे सुमारे २५ कि.मी. अंतरावर, तर १९५४ साली अड्यार येथे स्थापन झालेली कर्करोग संस्था चेन्नईत, सुमारे ३०० कि.मी. दूर. शस्त्रक्रियेसाठी किंवा किरणोपचारासाठी कुटुंब एवढा प्रवास करतेही. वेदना मात्र पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहत नाही. ती मध्यरात्री वाढते आणि त्या वेळी डॉक्टर जवळ नसतो. हे अंतर मोबाइलद्वारे कितपत भरून काढता येईल, हा आरोग्यसेवेपुढील महत्त्वाचा प्रश्न होय.

रक्तदाब यंत्राने मोजता येतो, वेदना मात्र रुग्णानेच सांगावी लागते. त्यासाठी शून्य ते दहा अशी साधी मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पनेतील सर्वाधिक वेदना. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत मांडली : प्रथम पॅरासिटामॉलसारखी औषधे, नंतर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन. तोंडाने घ्यावयाच्या साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो व योग्य मात्रा प्रत्येक रुग्णागणिक वेगळी असते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत वारंवार विचारपूस अपरिहार्य ठरते. वेदना किती, झोप लागली का, बद्धकोष्ठता किंवा उलट्या होतात का, हे रोज विचारून नोंदवणे मोबाइलमुळे सुकर होते. आकडा वाढलेला दिसताच परिचारिका स्वतः दूरध्वनी करू शकते. (रुग्णाच्या नोंदीचे महत्त्व तंजावरला नवे नाही. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत.)

या पद्धतीला संशोधनाचा आधारही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदनेसह इतर लक्षणे संगणकाद्वारे नियमित कळवणाऱ्या रुग्णांचा मध्यक जीवनकाल ३१.२ महिने, तर नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेल्यांचा २६ महिने आढळला. तथापि तेथे गंभीर लक्षणाची सूचना थेट परिचारिकेकडे जात होती, हे विसरता कामा नये. पलीकडे वाचणारा कोणी नसेल, तर नोंद ही केवळ नोंदच राहते.

ग्रामीण भागात आणखी अडचणी आहेत. घरात एकच मोबाइल असेल तर तो कर्त्या माणसाबरोबर शेतावर जातो. वाचता न येणाऱ्या वृद्धेला लघुसंदेशापेक्षा तमिळमधील बोलका प्रश्न उपयोगी पडेल. घरच्यांसमोर वेदना लपवणाऱ्या रुग्णाची अवस्था तर भेटीतूनच कळते. या दृष्टीने तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेली ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही घरपोच आरोग्यसेवेची योजना महत्त्वाची आहे. रक्तदाब व मधुमेहाबरोबर परिहारक, अर्थात वेदना व त्रास कमी करणारी सेवाही तिच्यात समाविष्ट आहे. शेजारच्या केरळने २००८ मध्येच या सेवेचे धोरण जाहीर केले होते. मोबाइल हे अशा भेटींना जोडून वापरायचे साधन आहे, त्यांना पर्याय नव्हे.

खरा पेच औषधापाशी येतो. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी जारी केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील औषधे दूरसल्ल्यावरून लिहून देता येत नाहीत. मॉर्फिन त्यांतच येते. २०१८ पासून ट्रामाडॉलही. म्हणजे पापनाशमच्या रुग्णाने ‘आज वेदना नऊ’ असे कळवले आणि तज्ज्ञाने ते तत्काळ वाचले, तरी मॉर्फिनची चिठ्ठी त्या संभाषणातून निघू शकत नाही. गैरवापराची भीती निराधार नाही. परंतु ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची परवानाधारक शेती होते, तेथेच रुग्णाला मॉर्फिन दुर्मीळ असावे, ही विसंगती खटकणारी आहे.

२०१४ च्या दुरुस्तीने यातील एक गाठ सैल केली. ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ हा वर्ग निर्माण झाला आणि पूर्वी लागणाऱ्या अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन बाळगण्याची व देण्याची मुभा मिळाली. दूरवैद्यक सूचनांतही एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्याची तरतूद आहे. उपचाराची जबाबदारी मात्र सल्ला मागणाऱ्याचीच राहते. या दोन तरतुदी एकत्र आणल्यास कायदेशीर मार्ग निघतो. तालुक्यातील डॉक्टरने रुग्णाला प्रत्यक्ष तपासावे, तज्ज्ञाने मोबाइलवरून त्याला मात्रेबाबत सल्ला द्यावा आणि औषध तेथेच मिळावे. मान्यतेसाठी संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर असावा लागतो. तालुका रुग्णालयात असा डॉक्टर व मॉर्फिनचा साठा नसेल, तर नातेवाइकाला दूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते.