‘दिल्ली’चा सौदा

जुलै १९४८ मध्ये भारताने ब्रिटनकडून ‘अकिलिस’ ही क्रूझर विकत घेतली आणि तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. तेव्हा ही युद्धनौका पंधरा वर्षांची होती आणि महायुद्धाचे घाव सोसून आली होती. जाता जाता ब्रिटिशांनी जुने जहाज आपल्या गळ्यात मारले, असा आक्षेप कुणीही घेईल. पण तिची सारी कारकीर्द पाहिली की तो टिकत नाही.

बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत १९३१ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १९३३ मध्ये ती सेवेत आली. वजन सुमारे ७ हजार टन, सहा इंची ८ तोफा आणि वेग ३२ नॉट. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झिटर’च्या जोडीने ती जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’शी भिडली. शत्रूच्या तोफा अकरा इंची होत्या. गोळ्यांच्या ठिकऱ्या पोलादी पत्रा फोडून नेमबाजीच्या मनोऱ्यात घुसल्या. जहाजावरचे चौघे कामी आले, तरी तोफांचा मारा थांबला नाही. चार दिवसांनी जर्मन कप्तानाने आपली नौका मॉन्टेव्हिडिओबाहेर स्वतःच बुडवली. अशी शिस्त सरावाने अंगी बाणते आणि त्या सरावासाठी मोठे जहाज लागते. भारताकडे तोवर एकही क्रूझर नव्हती. शेकडो माणसांचा कारभार, बॉयलर आणि टर्बाइनची निगा, जड तोफांचा एकत्रित मारा, हे सारे आपले नौसैनिक ‘दिल्ली’वर शिकले. पुढे ती प्रशिक्षणासाठीही वापरली गेली.

मग नवी युद्धनौका इथेच का बांधली नाही? कारण तेवढी तयारी नव्हती. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ सेवेत आली ती १९७२ मध्ये, आणि तिचा आराखडाही ब्रिटिशच होता. तोवर नौदलाने हात बांधून बसायचे का? विमानांपुढे अशी क्रूझर दुबळी पडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. जानेवारी १९४३ मध्ये जपानी बॉम्बने तिचा एक तोफबुरूज निकामी केला होता. तरीही डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या मुक्तीसाठी किनाऱ्यावर मारा करायला तिच्या तोफा पुरेशा ठरल्या.

३० जून १९७८ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली आणि भंगारात निघाली. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला, कारण युद्धकाळात ती त्या देशाच्या नौदलात होती. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली तीस वर्षे तिने भारताची सेवा केली. घेताना जुनी असलेली ही नौका एवढी टिकली आणि तिच्यावर एक नौदल घडले. १९४८ चा तो सौदा शहाणपणाचाच होता.