आधी झाडं, मग नकाशा

आमच्या खानापूरच्या रानातल्या जागेवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा पहिला सल्ला आला: जेसीबी लावून जागा सपाट करा. मी घरच्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं ‘फॉलिंगवॉटर’ दाखवलं. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये आखलेलं हे आलिशान घर धबधब्यावरच उभं आहे. भिंतींचा दगड तिथलाच. मूळचा कातळ फोडला नाही. दिवाणखान्यात तसाच ठेवून त्यावर शेकोटी मांडली. एका झाडासाठी काँक्रीटची तुळई वळवली. हौस महागही पडली: अधांतरी सज्जे झुकले, २००२ मध्ये मोठी दुरुस्ती करावी लागली. तसले सज्जे आम्हाला नकोत. आमच्या पावसाला जांभा दगड आणि उतरतं छप्परच बरं. पण झाडं आणि ओहोळ आधी कागदावर मांडलेत. घर उरलेल्या जागेत बसेल.