आपत्तीनंतरचे सरकारी साहाय्य : अनुदान कोणते, कर्ज कोणते?
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी व लहान व्यावसायिकांसाठी)

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडील बागायती पट्ट्यापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि डोंगरउतारावरील वाड्या. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे, असे येथील शेतीचे स्वरूप आहे. परंतु या भागातील कुटुंबाचा चरितार्थ केवळ शेतीवर चालत नाही. दोन-चार दुभती जनावरे, कोंबड्यांची शेड, रोपवाटिका, कांद्याची चाळ, किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा रस्त्याकडेची टपरी असा काही ना काही जोडधंदा पुष्कळ घरी असतो. वादळ, अतिवृष्टी अथवा दरड यांचा घाला पडतो तेव्हा पिकाबरोबर हा जोडधंदाही आडवा होतो.

अशा वेळी सरकारी साहाय्य मिळते हे सर्वांस ठाऊक असते. मात्र ते कोणत्या सदराखाली मिळते, किती मिळते आणि परत करावयाचे असते किंवा नाही, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. त्यामुळे कित्येकांचा न्याय्य हक्क बुडतो, आणि कित्येक जण मिळणारच नाही अशा रकमेच्या भरवशावर सावकाराचे कर्ज काढून बसतात. म्हणून या विषयाची थोडी व्यवस्थित माहिती येथे देत आहोत.

तगाई आणि आजचे साहाय्य

सरकारी मदत म्हणजे तगाई, ही समजूत जुन्या पिढीत रूढ होती. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांन्वये मामलतदार कचेरीतून बी-बियाणे, बैल, विहीर इत्यादींसाठी तगाई दिली जात असे. ही तगाई कर्जच होते. ती सव्याज फेडावी लागे, आणि थकल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. पुढे सहकारी पतपुरवठा वाढला तशी ती मागे पडली.

आजची व्यवस्था निराळी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ यान्वये प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी स्थापन झाला असून महाराष्ट्राच्या बाबतीत त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा असतो. या निधीतून मिळणारी रक्कम अनुदान होय. ती परत करावयाची नसते. बँकेकडून मिळणारी सवलत ही या अनुदानाहून सर्वस्वी भिन्न आहे. तिच्यात कर्ज माफ होत नाही, फेडीची मुदत वाढते. तिसरा प्रकार विम्याचा. तो आपण व विमा कंपनी यांच्यातील करार असून हप्ता भरला असेल तरच लागू होतो. ही तीन दारे वेगवेगळी आहेत, आणि एका दाराशी केलेला अर्ज दुसऱ्या दाराशी आपोआप पोहोचत नाही.

कोणत्या नुकसानीस किती अनुदान

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्र शासनाने ठरवून दिलेले दर पुढीलप्रमाणे होते. ३३ टक्के अथवा अधिक पीकनुकसान झाल्यास जिरायत पिकास हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकास १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, बैल दगावल्यास ३२,००० रुपये, वासरास २०,००० रुपये व शेळी-मेंढीस ४,००० रुपये. मोठी दुभती जनावरे असल्यास अशी मदत तीनपर्यंत मिळते. कोंबडीस प्रत्येकी १०० रुपये, परंतु एका कुटुंबास १०,००० रुपयांहून अधिक नाही. जनावरांचा गोठा पडल्यास ३,००० रुपये. हातमाग व हस्तव्यवसायातील कारागिरास अवजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्चा अथवा तयार माल गेल्यास आणखी ५,००० रुपये. मात्र त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. राज्य शासन प्रसंगानुसार स्वतंत्र निर्णय काढून यांत वाढ करते. म्हणून प्रत्येक आपत्तीनंतर त्या प्रसंगाचा शासन निर्णय तहसील कचेरीत विचारून घ्यावा.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या शेडमधील २,००० कोंबड्या वादळात मेल्या. प्रत्येकी १०० रुपयांनी हिशेब केल्यास रक्कम दोन लाख होते; परंतु कुटुंबास मर्यादा १०,००० रुपयांची आहे. म्हणजे केवळ शंभर कोंबड्यांचेच पैसे हाती येतील. त्याचप्रमाणे हेक्टरी दर शेतातील पिकाच्या क्षेत्रावर आधारलेला आहे. चाळीत साठविलेला कांदा हे उभे पीक नव्हे, आणि पॉलीहाऊसचा सांगाडा म्हणजे पीक नव्हे. त्यांस हा दर लागत नाही. यावरून असे दिसून येईल की अनुदान हे कुटुंबास सावरण्यापुरते असते. त्यातून धंदा पुन्हा उभा राहील असे मानणे धोक्याचे आहे. ज्याने शेड, यंत्र किंवा माल यांत मोठे भांडवल घातले आहे, त्याने विम्याचा विचार आपत्तीपूर्वीच केला पाहिजे.

दुकानदार व टपरीधारक

दुकानाचे नुकसान वरील केंद्रीय दरांत स्वतंत्रपणे येत नाही. त्यासाठी राज्य शासन त्या त्या वेळी निर्णय घेते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ पुणे जिल्ह्यातून पुढे गेले व जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांत घरे, शेड व झाडे यांची मोठी हानी झाली. त्या वेळी स्थानिक दुकानदार व टपरीधारकांस पंचनाम्यातील प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल १०,००० रुपये असे साहाय्य ठरले होते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर पूरग्रस्त भागातील दुकानदारांसाठी हीच मर्यादा ५०,००० रुपये व टपरीधारकांसाठी १०,००० रुपये ठेवण्यात आली.

येथे ‘पंचनाम्यातील प्रत्यक्ष नुकसान’ हे शब्द ध्यानी घ्यावेत. २०२१ च्या नियमाने हिशेब करू. दुकानातील ८०,००० रुपयांचा माल भिजला, तर ७५ टक्के म्हणजे ६०,००० रुपये. परंतु मर्यादेमुळे ५०,००० रुपये मिळतील. आता त्याच दुकानदाराकडे खरेदीच्या पावत्या नाहीत व मालाची वही नाही, म्हणून पंचनाम्यात २०,००० रुपयांचेच नुकसान लिहिले गेले असे समजा. मग त्यास १५,००० रुपयांवर समाधान मानावे लागेल. पस्तीस हजारांचा हा फरक पावसाने पाडलेला नाही. नोंद न ठेवल्याने पडला आहे. शिवाय अशा साहाय्यासाठी स्थानिक रहिवास, मतदार यादीतील नाव व शिधापत्रिका यांची अट घालण्यात आली होती, हेही विसरू नये.

हिरड्याचा धडा

जे सदरात बसत नाही त्याचे काय होते, हे याच दोन तालुक्यांनी अनुभवले आहे. पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबांस बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकण्यापासून हंगामी रोख उत्पन्न मिळते. औषधासाठी व कातडी कमावण्यासाठी त्यास मागणी असते. निसर्ग वादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले. नुकसान डोळ्यांस दिसत होते, पंचनामेही झाले. परंतु मदतीच्या प्रचलित दरांत हिरड्यास स्थान नसल्याने प्रकरण रेंगाळले. आदिवासी शेतकऱ्यांनी व त्यांच्या संघटनांनी वारंवार पाठपुरावा केला, तेव्हा विशेष बाब म्हणून मंजुरी मिळण्यास २०२४ साल उजाडले. जवळजवळ चार हंगाम मधे गेले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, सदर नसले तरी पंचनामा करून घेण्याचे सोडू नये. कारण पुढे विशेष मंजुरी मिळते ती त्याच पंचनाम्याच्या आधारे. दुसरी, एकट्याने केलेल्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावासह सर्व गावाने एकत्रित केलेली मागणी अधिक वजनदार ठरते.

पंचनामा कसा करून घ्यावा

पीकनुकसानीची पाहणी सामान्यतः तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्तपणे करतात. अलीकडे या पदांस अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी अशी नावे मिळाली आहेत. अतिवृष्टी ठरविताना महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला किंवा नाही हे पाहिले जाते. डोंगरी भागात एका वाडीवर ढग फुटावा आणि मापक असलेल्या गावी पाऊस बेताचा व्हावा, असे घडू शकते. अशा वेळी लेखी अर्ज देऊन प्रत्यक्ष स्थळपाहणीची मागणी करावी व अर्जाची पोच जपून ठेवावी.

आपत्तीनंतर शक्य तितक्या लवकर तलाठ्यास कळवावे. पाहणीपूर्वी मोडलेले सामान हलविणे भाग पडल्यास त्याची छायाचित्रे चारही बाजूंनी काढून ठेवावीत. मृत जनावराची तपासणी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घेतल्याखेरीज विल्हेवाट लावू नये. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणे अगत्याचे आहे. बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावल्यास भरपाई देय नाही, असे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरविले. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहावा. वाचता येत नसल्यास विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावा. गोठा, शेड, दुकान व माल यांची नोंद निरनिराळी झाली आहे की नाही ते पाहावे. एखादी बाब राहिली असल्यास तेथेच सांगावे.

बँकेची सवलत

रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये नैसर्गिक आपत्तीच्या प्रसंगी बँकांनी करावयाच्या उपायांविषयी सूचना काढल्या. त्यांनुसार पीकनुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास अल्प मुदतीच्या कर्जास दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के वा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत मुदत देता येते. या दोन्हींत पहिले एक वर्ष वसुली स्थगित ठेवता येते. लहान उद्योग व व्यापार यांच्या कर्जाचीही पुनर्रचना करता येते आणि गरजेप्रमाणे नवे कर्ज देता येते. ही प्रक्रिया आपत्तीपासून तीन महिन्यांत पुरी करावी, असे त्या सूचनांत म्हटले होते. या सूचनांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून चालू नियम शाखेत विचारून घ्यावा.

त्या सूचनांतील एक अट कर्जदारांनी नीट समजून घ्यावी. आपत्तीच्या दिवशी जे कर्ज आधीच थकलेले असेल, ते या सवलतीस पात्र धरलेले नाही. म्हणून खाते चालू स्थितीत ठेवणे हाही आपत्तीनिवारणाचाच एक भाग समजावा. तसेच मुदत वाढली तरी व्याजाची आकारणी थांबते असे नाही. अनुदान येईपर्यंतचा खर्च भागविण्यासाठी मोठे कर्ज काढण्याची घाई करू नये. धंदा किती दिवसांत उत्पन्न देऊ लागेल त्याचा अंदाज बांधूनच हप्ता ठरवावा. अनुसूचित जमातीच्या व्यावसायिकांनी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या योजनांचीही चौकशी करावी. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात याबाबत मार्गदर्शन घ्यावे.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला व १५१ जीव गेले. नवे माळीण आमडे गावाच्या हद्दीत वसविण्यात येऊन २ एप्रिल २०१७ रोजी ग्रामस्थांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या दुःखापुढे कागदपत्रांची गोष्ट क्षुल्लक आहे. तथापि घर जाते तेव्हा घरातील कागदही जातात, आणि मागे राहिलेल्यांस वारसा, मालकी व धंदा यांचा पुरावा नव्याने गोळा करावा लागतो, हे सत्य उरतेच. म्हणून दरवर्षी मे महिन्यात पुढील कामे उरकून घ्यावीत.

१. सातबारा उतारा पाहून त्यावरील पिके, फळझाडे व हिरड्यासारखी झाडे यांची नोंद तपासावी. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी दर हंगामात वेळेवर करावी.

२. गोठा, शेड व दुकान यांची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद करून घ्यावी. दुकानाची कायद्याप्रमाणे सूचना किंवा नोंदणी व उद्यम नोंदणी करून ठेवावी.

३. जनावरांस बिल्ले मारून घ्यावेत व त्यांचे क्रमांक वहीत उतरवावेत.

४. खरेदीच्या पावत्या व महिन्याच्या अखेरीस शिल्लक मालाची एक ओळीची नोंद ठेवावी.

५. बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी. अनुदान थेट खात्यात जमा होते.

६. या सर्व कागदांची एक प्रत दुसऱ्या गावी, नातलगाकडे ठेवावी, आणि एक भ्रमणध्वनीत छायाचित्ररूपाने जतन करावी.

वादळ रोखणे कोणाच्या हाती नाही. परंतु वादळानंतर दाराशी येणाऱ्या अधिकाऱ्यास आपले काय व किती गेले हे कागदानिशी दाखविणे आपल्या हाती आहे. हे काम उन्हाळ्यातील दोन दिवसांचे आहे. शेतकरी बंधू-भगिनींनी व गावोगावच्या लहान व्यावसायिकांनी ते यंदाच पुरे करावे. ज्यांस लिहिता-वाचता येते त्यांनी शेजारच्या वृद्ध व एकट्या स्त्रियांचे कागदही तपासून द्यावेत, अशी विनंती आहे.