तारापूरचे अणुवीजकेंद्र

मुंबईहून उत्तरेस जाणारी आगगाडी वैतरणा नदी ओलांडून पालघर आणि त्यानंतर बोईसर गाठते. बोईसरच्या पश्चिमेस, समुद्राच्या कडेला तारापूर हे जुने बंदर आहे. शेजारी चिंचणी, दक्षिणेकडे घिवली, उच्छेळी, दांडी ही मच्छीमारांची गावे. तारापूरला पोर्तुगीजांचा किल्ला होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो जिंकून घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे शूर सरदार धारातीर्थी पडले. आज मात्र तारापूरचे नाव घेताच किल्ल्याआधी वीज आठवते.

वीज निर्माण करावयाची म्हणजे पाणी तापवून वाफ करावयाची आणि त्या वाफेच्या जोराने चक्र फिरवावयाचे. त्यासाठी सर्वांच्या परिचयाचे इंधन म्हणजे कोळसा. परंतु कोकणची भूमी लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची. तेथे कोळशाची खाण नाही. महाराष्ट्रातील कोळसा सापडतो तो पूर्व टोकाला, चंद्रपूर-बल्लारपूरकडे. झरिया आणि राणीगंज येथील जुन्या खाणी तर त्याहूनही दूर आहेत. दोनशे मेगावॅटच्या एका वीजगृहाला रोज सुमारे तीन हजार टन कोळसा लागतो. एवढा कोळसा आगगाडीने देशाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला आणावयाचा, तर खर्च किती वाढेल! मुंबई आणि गुजरातेतील गिरण्या-कारखान्यांची भूक तर वाढतच होती.

डॉ. होमी भाभा यांनी या अडचणीवर अणुशक्तीचा उपाय सुचविला. युरेनियम या धातूच्या काही अणूंवर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण आदळला की अणू फुटतो, उष्णता बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते दुसरे अणू फोडतात. कॅरमच्या पटावर एका सोंगटीचा धक्का दुसरीला व दुसरीचा तिसरीला लागावा, तशी ही मालिका चालते. ती बेफाम होऊ नये म्हणून न्यूट्रॉन शोषून घेणारे दंड भट्टीत सरकविता येतात. एक किलो युरेनियमचे सारे अणू फुटले, तर अडीच-तीन हजार टन कोळशाइतकी उष्णता मिळते. प्रत्यक्षात सारे अणू फुटत नाहीत. तरीही इंधनाची वाहतूक हा प्रश्नच उरत नाही. वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी लागणारे थंड पाणी समुद्र पुरवितो.

ऑक्टोबर १९६४ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने बांधकाम सुरू झाले. भाभांना मात्र पूर्ण झालेले केंद्र पाहावयास मिळाले नाही. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्या नियमित वीज देऊ लागल्या. भारतातील हे पहिले अणुवीजकेंद्र होय. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागे, व ते परदेशातून येई. भारताने १९७४ साली पोखरण येथे अणुचाचणी केल्यावर अमेरिकेकडून होणाऱ्या पुरवठ्यात अडथळे आले आणि पुढे ते फ्रान्सकडून घ्यावे लागले. कोळशाची वाट टाळली, तर ही दुसरी वाट अशी अडली! २००५ व २००६ मध्ये तेथे सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या भारतीय शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी उभारल्या. त्यांत नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरतात.

या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या दोन गावांना आपली जागा सोडावी लागली. शेतकऱ्याची जमीन मोजता येते, तिचा मोबदला ठरविता येतो; पण होडी लावण्याचा किनारा, जाळी वाळविण्याची वाळू आणि पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले पाणी यांचे मोल कसे करावे? घरे दुसरीकडे नव्याने बांधण्यात आली, तरी पुनर्वसनाची गाऱ्हाणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

अणुभट्टीतून धूर निघत नाही, राखेचे ढीग साचत नाहीत. परंतु वापरलेल्या इंधनातून घातक किरण निघतच राहतात. म्हणून ते आधी खोल पाण्याखाली ठेवून कित्येक वर्षे निववावे लागते, आणि त्यातील काही द्रव्ये हजारो वर्षे सांभाळावी लागतात. तारापूरचा किल्ला जिंकल्याला अजून तीनशे वर्षेही झालेली नाहीत.