पुढे मिनी, मागे मिनी

ब्रिटनमधल्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत अधूनमधून एक गमतीदार जोडी दिसते. पुढे एक जुनी मिनी आणि तिच्यामागे दुसऱ्या मिनीचा पाठीमागचा अर्धा भाग. तीच डिकी, तेच उभे टेललॅम्प, तीच १० इंची चाकं, आणि हौस दांडगी असेल तर रंगही तोच. ही दुसरी गाडी भंगारातली असते. पुढचा भाग गंजून खलास झाला, मागचा धडधाकट राहिला, म्हणून तिचा ट्रेलर झाला.

ट्रेलरची गरज मिनीला पहिल्यापासून होती. जेमतेम ३.०५ मीटर लांबीच्या या गाडीत चार माणसं बसतात, पण त्यांचं सामान डिकीत मावत नाही. झाकण खालच्या बाजूला बिजागरीवर असल्याने ते फळीसारखं उघडं ठेवून त्यावर बॅगा बांधता येत. सुरुवातीच्या मिनींत तर नंबरप्लेटलाही वरून बिजागरी होती. झाकण आडवं पडलं की प्लेट खाली लोंबे आणि नंबर दिसत राही!

अर्धी मिनी ट्रेलर म्हणून इतकी चपखल का बसते, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. १९५६च्या सुएझ पेचप्रसंगात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. त्यानंतर अॅलेक इसिगोनिस यांनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनसाठी आखलेली ही गाडी १९५९ साली बाजारात आली. ८४८ सीसीचं इंजिन त्यांनी आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मागच्या चाकांना ओढत येण्यापलीकडे काम उरलं नाही. ती दोन्ही चाकं, त्यांचे आर्म, ब्रेक आणि अॅलेक्स मोल्टन यांनी घडवलेले रबराचे शंकू हे सारं एका वेगळ्या पोलादी सबफ्रेमवर असतं, आणि ही सबफ्रेम नटबोल्टांनी बॉडीला जोडलेली असते. थोडक्यात, मिनीचा मागचा भाग कारखान्यातून निघाला तेव्हाच निम्मा ट्रेलर होता.

इसिगोनिस यांच्याच आधीच्या मॉरिस मायनरचे (१९४८) असे ट्रेलरही लोक करतात, पण तिथे काम अवघड. मायनरचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागे पाट्यांवर अख्खा अॅक्सल आणि मधोमध डिफरन्शियलचा जड गोळा. ट्रेलरला त्याचा काडीचा उपयोग नाही. गाडी कापण्याचं धाडस मात्र मायनरच्या इतिहासातच आहे. ती फार अरुंद दिसते असं वाटून इसिगोनिस यांनी नमुना गाडी लांबीत मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग सरकवून पाहिले आणि शेवटी रुंदी ४ इंचांनी वाढवली. बॉनेटच्या मध्यावरचा सपाट पट्टा ही त्याचीच खूण. हीच मायनर भारतात ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून धावली.

मिनी कापताना ग्राइंडर हातात घेण्याआधी पेट्रोलची टाकी काढावी लागते. ती डिकीतच असते, आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. काप साधारण दरवाज्याच्या मागे घेतात. शॉक-अॅब्सॉर्बरची वरची टोकं सबफ्रेमवर नसून बॉडीला अडकवलेली असतात. म्हणून ‘सबफ्रेम घेऊ आणि वर लाकडी पेटी ठेवू’ हा सोपा वाटणारा मार्ग प्रत्यक्षात सोपा नाही. चाकांवरचा पत्रा शॉक-अॅब्सॉर्बरच्या बैठकींसह शाबूत हवा.

खरी अडचण कापल्यानंतर सुरू होते. मिनीला वेगळी चासी नाही. छत, फरशी आणि बाजू मिळून तिचा ताठपणा. एक बाजू कापलेला पत्र्याचा डबा जसा हाताने दाबला तरी वाकतो, तशी अर्धी बॉडी लुळी पडते. म्हणून फरशीखालून पोलादी चौकोनी नळ्यांची त्रिकोणी चौकट नेऊन सबफ्रेमच्या जोडांपाशी पक्की करतात. ट्रेलरची ओढ पत्र्यावर येऊन चालत नाही. उघडी पुढची बाजू बंद करायला सपाट पत्रा पुरतो, पण माझ्या मते तिथेच ट्रेलरचं रूप ठरतं. दुसऱ्या छताचा वाकदार तुकडा बसवला तर तो मिनीच्या घरातला वाटतो. सपाट भिंत लावली की शेतावरची गाडी.

विजेची गोम वेगळीच. १९६९पर्यंतच्या मिनींत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, पण एलईडी दिवे किंवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवले तर ते पेटतच नाहीत, क्वचित जळतात. शिवाय इंडिकेटरला जादा बल्ब जोडला की जुन्या फ्लॅशरची लय बिघडते.

मग येतो वजनाचा हिशेब. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. मिनी भरते ६०० किलोच्या आसपास, म्हणजे मर्यादा ३०० किलोंची, आणि त्यातला मोठा वाटा लोखंडच खातं. तंबू, पथारी, स्टोव्ह एवढंच उरतं. जुन्या मिनींचे साधे ड्रम ब्रेक पाहता ही मर्यादा योग्यच आहे. हँडब्रेक मात्र मुळात मागच्या चाकांवरच चालतो, तेव्हा त्याची केबल ठेवली तर उतारावर ट्रेलर उभा करायची सोय होते. फक्त बसवलेला ब्रेक चालू स्थितीत हवा, असा नियम आहे.

जोडीचा सगळ्यात व्यवहारी फायदा चाकांत आहे. सहाही चाकं एकाच मापाची, म्हणून एक स्टेपनी पुरते. तोटा कळतो रिव्हर्स घेताना. हुक ते चाक हे अंतर जितकं कमी, तितका ट्रेलर झटकन आडवा होतो. त्यातून छतासकट अर्धी गाडी मागे असेल तर मागच्या काचेतून रस्ता दिसतच नाही. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावावे लागतात, किंवा सरळ हुक काढून ट्रेलर हातानेच फिरवावा लागतो.