काटा मधोमध, तरी इंजिन जाम!

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी भात, भाजीपाला, खते-बियाणे यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. इंजिनातल्या तेलाबद्दल बोलायचे आहे. "सायेब, हा तर गॅरेजवाल्याचा विषय," असे म्हणून पान उलटू नका. कारण ट्रॅक्टर आज दारोदार आहे, आणि आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात तर पोरांच्या वेगवान मोटारीही गल्लोगल्ली उभ्या आहेत. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. त्या पैशातून कुणी घर बांधले, कुणी डंपर घेतला, कुणी पोराच्या हट्टापायी टर्बो गाडी घेतली.

गेल्या उन्हाळ्यात माती परीक्षणाचे नमुने घ्यायला एका गावी गेलो होतो. ओटीवर काका गप्प बसलेले. अंगणात ताडपत्रीखाली गाडी. विचारले तेव्हा कळले, पोराने गाडीच्या कॉम्प्युटरचे सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतली होती. पोरे त्याला रीमॅप म्हणतात. मग भर दुपारी चार मित्र घालून एक्सप्रेस वेने बोरघाट चढला. वर पोहोचायच्या आत खडखड आवाज आणि इंजिन जाम. पोरगा सांगत होता, "काटा तर मधीच होता सायेब, मंग इंजन जाम कसा झाला?" मेकॅनिकने इंजिन उघडले तेव्हा बेअरिंग क्रँकला चिकटलेले निघाले. दुरुस्तीत चार वर्षांच्या भाताचे पैसे गेले.

पोराचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. त्याचेच उत्तर आज पाहू.

काटा पाण्याचा, तेलाचा नव्हे

डॅशबोर्डवरचा काटा रेडिएटरच्या पाण्याचे तापमान दाखवतो. पाणी थर्मोस्टॅटच्या ताब्यात असते, त्यामुळे ते ९० अंशांच्या आसपास राहते. शिवाय बऱ्याच गाड्यांत पाणी थोडे कमी-जास्त तापले तरी काटा मध्यावरच राहील अशी मुद्दाम सोय केलेली असते. तेलाची गोष्ट वेगळी. तेल क्रँकच्या बेअरिंगमधून जाते, पिस्टनच्या खालच्या बाजूला उडते आणि टर्बोच्या दांड्यालाही तेच वंगण देते. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो आणि त्याच्या एका टोकाला तापलेला धूर असतो. म्हणजे जिथे आग जास्त, तिथे तेल आधी पोहोचते. पाणी ९० वर शांत असताना तेल १३० च्या पुढे गेलेले असू शकते.

तेल ९० ते ११० अंशांत असले की काम ठीक चालते. १२० च्या पुढे सावध व्हावे. १३० च्या पुढे तेल तेवढ्या वेळ टिकेल याचा भरवसा धरू नये. ४० दर्जाच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांना किमान १२.५ सेंटिस्टोक असावा लागतो. १३० अंशांना तो जवळपास निम्म्यावर येतो. गरम तव्यावर तूप जसे पाण्यासारखे पळते तसेच हे. तेल पातळ झाले की बेअरिंगमधला थर फाटतो, धातूला धातू लागते आणि मग जाम. दुसरे असे की, तापमान साधारण १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. दहा हजार किलोमीटर चालणारे तेल मग तेवढे चालत नाही.

घाटातच का?

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरचा चढ आहे. गाडीवर पूर्ण भार, पण वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वारा कमी. त्यात एप्रिल-मेचे ऊन. ताकद वाढवलेल्या इंजिनात इंधनही जास्त जळते, उष्णताही जास्त. पण तेल थंड करायची व्यवस्था कंपनीने मूळ ताकदीपुरतीच दिलेली असते. बैल तेच ठेवून गाडीवर दुप्पट पोती चढवावीत, तसा हा प्रकार.

ऑईल कूलर म्हणजे काय?

बजाजची पल्सर २२० तुम्ही पाहिली असेल. तिच्या इंजिनापुढे छोटी जाळी असते. तोच ऑईल कूलर, म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर. मोटारीत तो दोन प्रकारचा असतो. एक वाऱ्यावर चालणारा, दुसरा रेडिएटरच्या पाण्यावर चालणारा. बऱ्याच टर्बो गाड्यांना ऑईल फिल्टरपाशी हा पाण्याचा कूलर कंपनीकडूनच येतो. तेव्हा आपल्या गाडीला आधीच काय आहे, ते पुस्तिकेत पाहून घ्यावे.

नवीन बसवायचा तर या गोष्टी पाळाव्यात :

१) आधी मोजा. तेलाच्या तापमानाचा मीटर बसवा आणि नेहमीच्या रस्त्यावर पाहा. आकडा ११० च्या आत राहत असेल तर कूलरवर एक रुपयाही घालू नका. मातीचा अहवाल न पाहता युरिया टाकण्यासारखेच ते होईल.

२) थर्मोस्टॅट हवाच. फिल्टरच्या खाली जी प्लेट बसते तिच्यात थर्मोस्टॅट असलेलीच घ्या. साधारण ८० अंशांनंतर तो कूलरकडे तेल सोडतो. तो नसेल तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तेल नीट तापतच नाही. त्यातला ओलावा आणि न जळलेले इंधन उडून जात नाही. जास्त थंड तेलही इंजिनाचा शत्रूच.

३) नळीत काटकसर नको. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन किलो असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केले की तेलाचा दाब त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पाण्याची किंवा डिझेलची साधी नळी आणि वर क्लॅम्प, असले जुगाड चालत नाही. तापलेल्या तेलाच्या दाबासाठी केलेलीच नळी आणि आट्यांचे जोड घ्या. तेल सायलेन्सरच्या पाईपवर उडाले तर गाडी पेट घेते.

४) जागा. समोरून वारा लागेल, पण खडा लागणार नाही अशी. रेडिएटरच्या पुढे मोठा कूलर लावला तर गरम हवा रेडिएटरवर जाते आणि पाणीच तापू लागते.

५) तेलाची पातळी. कूलर आणि नळ्यांत जास्तीचे तेल राहते. बसवल्यावर इंजिन चालवा, बंद करा, थोडे थांबा, पट्टी पाहा आणि कमी असेल तेवढे भरा.

माझी फजिती

उपदेश देणाऱ्याने स्वतःची चूकही सांगावी. काही वर्षांपूर्वी मीही जुन्या गाडीला एका ओळखीच्या गॅरेजात कूलर बसवला. थर्मोस्टॅट नाही, नळी साधी. स्वस्तात झाले म्हणून खूष होतो. पुण्याला जाताना खालापूर टोलनाक्याच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. वाटले, टोलनाका दिसतोच आहे, तेवढे जाऊ. पण हात किल्लीकडे गेला आणि गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली पाहतो तो काळी धार. नळी जोडातून निघाली होती. आणखी एक किलोमीटर गेलो असतो तर काकांच्या शेजारी मीही ओटीवर बसलो असतो. लक्षात ठेवा, तेलाचा लाल दिवा म्हणजे "पुढे बघू" नव्हे. तिथेच थांबा, तिथेच इंजिन बंद करा.

ट्रॅक्टरवाल्यांनी काय करावे?

चिखलणीत ट्रॅक्टर घाटात चढल्यासारखाच राबतो. भार पूर्ण, वेग चालण्याएवढा. पण म्हणून ट्रॅक्टरला बाजारातला कूलर लावत बसू नका. बहुतेक वेळा दोष साध्या गोष्टींत असतो. रेडिएटरच्या जाळीत तूस, पेंढा आणि चिखल अडकतो. तो रोज संध्याकाळी साफ करा. पंख्याचा पट्टा सैल नाही ना, ते पाहा. तेलाची पातळी सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा करून पाहा, बांधावर तिरपा ठेवून नव्हे. तेल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घाला आणि तासांच्या हिशोबाने बदला. डिझेल इंजिनाचे तेल काळे होतेच, त्यावरून निदान करू नका. पण जळका वास आला तर मेकॅनिकला दाखवा. टर्बोचा ट्रॅक्टर असो की मोटार, जोराचे काम झाल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मगच बंद करा. नाहीतर टर्बोत थांबलेले तेल जळून त्याची काजळी धरते.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना विनंती, चिखलणीआधी आयटीआयचे शिक्षक किंवा जाणता मेकॅनिक बोलावून गावात एक दिवसाचे तपासणी शिबिर घ्यावे. खर्च थोडा, उपयोग मोठा.

एक गोष्ट पोरांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत वेगळे बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. तेव्हा काही बसवण्याआधी आपल्या भागातल्या आरटीओत विचारा, आणि वॉरंटीचे काय होईल हे शोरूममध्ये विचारा. पाम बीच रोड आणि बोरघाट ही शर्यतीची मैदाने नव्हेत.

काकांची गाडी आता दुरुस्त झाली आहे. पोराने सेटिंग पुन्हा मूळचे करून घेतले. कूलर नाही बसवला, तेलाचा मीटर तेवढा बसवला. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सायेब, आता मी दोन काटे बघतो." तुम्हीही बघा.