विश्लेषण : डीजेच्या लॅपटॉपवर खरेच ‘रीमिक्स’ तयार होते का?

लग्नाची वरात असो की विसर्जन मिरवणूक, जुन्या गाण्याला नवा ठेका लावल्याशिवाय ती हल्ली पुढे सरकत नाही. यातील काही मिक्स त्या क्षणी लॅपटॉपवर जुळवलेले असतात. बरेचसे मात्र आधीच घरच्या संगणकावर बांधून पेन ड्राइव्हमध्ये आणलेले. तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढण्याची सोय आता चालू कार्यक्रमातही मिळू लागली आहे. त्यामुळे स्टुडिओची गरजच संपली, असा दावा केला जातो. तो कितपत खरा आहे?

दोन्हींत नेमका फरक काय?

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हणजे अनेकांच्या लेखी ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. इथे मात्र गाणी वाजवणारा माणूस अभिप्रेत आहे. ‘व्हर्च्युअल डीजे’, ‘सेराटो’, ‘रेकॉर्डबॉक्स’ यांसारखी सॉफ्टवेअर म्हणजे मुळात दोन टर्नटेबल आणि त्यांच्यामधला मिक्सर यांची संगणकावरची नक्कल. दोन ‘डेक’वर दोन तयार गाणी असतात, एक लोकांना ऐकू येणारे, दुसरे फक्त हेडफोनमध्ये. दुसऱ्याचा वेग पहिल्याशी जुळवायचा, नेमकी जागा धरून ते आत सोडायचे आणि पहिले हळूहळू बाहेर काढायचे. ‘एफएल स्टुडिओ’, ‘क्युबेस’ किंवा ‘लॉजिक’मध्ये गाणे ही तयार फाइल नसते. तिथे हलगीचा एक ट्रॅक, गायकाचा एक, बेसचा एक, अशी मांडणी असते आणि प्रत्येकात स्वतंत्र बदल करता येतो.

पण खरा फरक वेळेचा आहे. डीजेने केलेले लगेच लोकांच्या कानावर पडते. चुकले तर मागे जाता येत नाही. स्टुडिओत चार मात्रांचा तुकडा दोन दिवस घासत बसता येते. हे बंधन यंत्रालाही लागू होते. सेकंदाला 44,100 नमुने असलेल्या ध्वनीसाठी 256 नमुन्यांचा ‘बफर’ ठेवला, तर प्रत्येक तुकड्याचे गणित सुमारे 5.8 मिलिसेकंदांत संपवावे लागते. नाही संपले तर आवाज तुटतो आणि नाचणारे थबकतात. स्टुडिओत ‘एक्सपोर्ट’ला दहा मिनिटे लागली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

रीमिक्सची सुरुवात कुठे झाली?

गंमत म्हणजे डिस्कोच्या जगात स्टुडिओतील रीमिक्स डीजेच्या हातातूनच घडले. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये वॉल्टर गिबन्स हा डीजे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून त्यातील तालवाद्यांचा तुकडा हवा तितका लांबवत असे. 1976 मध्ये साल्सोल या कंपनीने ‘डबल एक्स्पोजर’ गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे त्याच्याकडे सोपवले. त्याने ते नऊ मिनिटांहून लांब केले आणि बारा इंची तबकडीवर ते बाजारात आले. पुढच्याच वर्षी लोलीटा हॉलोवेच्या ‘हिट अँड रन’साठी त्याला मूळ मल्टिट्रॅक टेप मिळाल्या. म्हणजे लोक कुठे नाचतात हे तो क्लबमध्ये शिकला होता, आणि ते कायमचे गाण्यात बांधण्याची संधी त्याला स्टुडिओत मिळाली. आजही चांगले रीमिक्स करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात.

‘सिंक’चे बटण असताना अडते कुठे?

आपल्या गाण्यांपाशी अडते. वेग जुळवण्यासाठी सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची जाळी, म्हणजे ‘बीटग्रिड’ टाकते. ती साधारणपणे धरून चालते की गाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे. संगणकावर रचलेल्या गाण्यात तो असतोही. पण साठ-सत्तरच्या दशकातील चित्रपटगीते वादकांचा ताफा एकत्र बसवून, घड्याळी ठोक्याविना ध्वनिमुद्रित होत. अंतऱ्यानंतर लय किंचित चढते, गायक एखादी जागा घेताना वादक श्वासभर थांबतात. लावणीत तर ढोलकी लय चढवत नेते, तेच तिचे सौंदर्य. अशा गाण्याखाली स्थिर ठेका टाकला की पहिले वीस सेकंद सगळे जुळते आणि मग दोन्ही वाटा वेगळ्या होतात. मुरलेला डीजे बोटाने सतत ढकलत-ओढत ते सावरून धरतो. स्टुडिओत मात्र प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी खूण करून गाणे ठोक्यावर बसवता येते. काम कंटाळवाणे, पण खात्रीचे. कोळीगीताची अडचण आणखी वेगळी. त्याचा ठेका बहुधा सहा मात्रांच्या अंगाचा आणि क्लबचा सरळ चारचा. दोन्हींचा आकडा जुळला तरी चाल जुळेलच असे नाही.

वेगाच्याही मर्यादा आहेत. जुन्या टर्नटेबलवर वेग आठ टक्के कमी-जास्त होई. मिनिटाला 90 ठोक्यांचे गाणे फार तर 97 पर्यंत जाई आणि सूरही चढे. सॉफ्टवेअर सूर तसाच ठेवून तेच गाणे 128 वर नेऊ शकते. पण ही 42 टक्के ताण आहे. इतके ओढल्यावर आवाजातील गोलाई जाते आणि व्यंजने फाटल्यासारखी ऐकू येतात. मोकळ्या मैदानात ते खपते, हेडफोनवर खपत नाही.

आवाज वेगळा काढण्याच्या तंत्राने काय बदलले?

पूर्वी गायकाचा आवाज वगळण्याची एक युक्ती होती. स्टिरिओत तो सहसा मधोमध असतो, म्हणून डाव्या वाहिनीतून उजवी वजा करायची. ‘मोनो’ ध्वनिमुद्रणांपुढे ती निरुपयोगी होती आणि आपली बहुतांश जुनी गाणी मोनोच आहेत. 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ हे यंत्र-शिक्षणावर आधारित साधन सर्वांसाठी खुले केले. 2020 पासून व्हर्च्युअल डीजे आणि ‘डीजे प्रो’, तर 2022 अखेरीस सेराटो, अशी ही सोय थेट डेकवर आली. या गाण्याचा आवाज आणि त्या गाण्याचा ठेका, असे मिश्रण आता एका बटणावर होते. हा बदल मोठाच आहे.

तरीही हाती येतात ते मूळ ट्रॅक नव्हेत, तो यंत्राचा अंदाज असतो. सर्वसाधारण प्रारूप गाण्याचे चार कप्पे करते : आवाज, ड्रम, बेस आणि ‘इतर’. ही विभागणी पाश्चात्त्य पॉप गाण्याला शोभणारी आहे. ढोलकीच्या धुमेचा नाद अनेकदा अर्धा ड्रममध्ये आणि अर्धा बेसमध्ये जातो. हार्मोनियम, सनई, तुणतुणे सगळे ‘इतर’मध्ये कोंबले जाते. आवाजाच्या मागे झांजेचा चरचराट उरतो. स्टुडिओत हे अवशेष झाकता येतात, हलगी नव्याने वाजवून घेता येते. चालू कार्यक्रमात ते स्पीकरच्या दणक्यात बुडतात, म्हणून चालून जाते. तोच कार्यक्रम रेकॉर्ड करून ‘हलगी मिक्स’ किंवा ‘संबळ मिक्स’ म्हणून समाजमाध्यमावर टाकला की उघडे पडते.

मग थेट वाजवणे कमी प्रतीचे का?

मुळीच नाही. कुठल्या गाण्याला मागची रांग पुढे आली, कुठे म्हातारी माणसे बाजूला झाली, हे बघून पुढचे गाणे निवडणे स्टुडिओत होऊ शकत नाही. खटकते ते दोन तासांची तयार फाइल लावून समोर नुसती बटणे फिरवणे. पैसे थेट वादनाचे आणि माल आधीच बांधलेला! मधली वाटही आहे. बर्लिनमध्ये 2001 साली आलेल्या ‘एबल्टन लाइव्ह’ने स्टुडिओत बनवलेले तुकडे मंचावर हवे तसे जोडण्याची सोय केली.

कायदा काय म्हणतो?

इथे फरक सर्वांत महाग पडू शकतो. ‘समाधी’ (1972) चित्रपटातील ‘काँटा लगा’ 2002 मध्ये रीमिक्स होऊन गाजले, तेव्हा त्यात लता मंगेशकर यांचा मूळ आवाज नव्हता. गाणे नव्याने गाऊन घेतले होते. अशा नव्या ध्वनिमुद्रणांना कायद्यात वाट होती. 2012 च्या दुरुस्तीने ती अरुंद केली : मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झालेली हवीत, किमान 50 हजार प्रतींचे मानधन आगाऊ द्यायला हवे आणि तांत्रिक गरजेपलीकडे गीत-संगीतात बदल चालत नाहीत. पण बटण दाबून मूळ गायकाचाच आवाज उचलला, तर ही वाटही लागू होत नाही. तिथे ध्वनिमुद्रणाच्या मालकाची थेट परवानगी लागते आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो.

वरातीतल्या डीजेला कायद्याने थोडी सवलत दिली आहे. कलम 52 नुसार धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण ऐकवणे हा हक्कभंग ठरत नाही आणि त्यात लग्नाची वरातही येते. मात्र ही सवलत ऐकवण्यापुरती आहे. त्याच रात्रीचे मिक्स आपल्या नावाची आरोळी टाकून यूट्यूबवर चढवले, तर ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा मूळ ध्वनी ओळखू शकते. मग व्हिडीओ राहील की जाईल आणि राहिला तर जाहिरातीचे पैसे कोणाला मिळतील, हे ठरवण्याचा पर्याय मिक्स करणाऱ्याकडे नाही, तर गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीकडे जातो.